हिंगोलीची उठलेली छावणी

परभणीहून निघून जवळा बाजार आणि औंढा नागनाथ मागे टाकीत हिंगोलीत शिरणाऱ्या नवख्या माणसाला तेथील वस्त्यांची नावे ऐकून काहीसे नवल वाटते. एका भागाला रिसाला बाजार म्हणतात, दुसऱ्याला पलटण, तिसऱ्याला पेन्शनपुरा. रिसाला म्हणजे घोडेस्वारांचे पथक. परंतु त्या बाजारात आज घोडा दिसावयाचा तो लग्नातल्या नवरदेवाचा. पलटणीत शिपाई नाहीत आणि पेन्शनपुऱ्यात ज्यांच्या नावे पेन्शनी निघत, त्यांची नातवंडेही आता हयात नसतील. ह्या नावांमागे एक मोठे लष्करी खाते उभे होते. एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ ते हिंगोलीत नांदले आणि १९०३ साली उठून गेले. कोणत्याही शत्रूने त्याचा पराभव केला नव्हता. ते हिशेबाच्या वहीत मोडले गेले.

त्या खात्याचे नाव हैदराबाद कंटिंजंट. निजामाच्या राज्यात इंग्रजांची तैनाती फौज होती, ती निराळी. तिच्या खर्चापोटी निजामाने १८०० च्या तहाने म्हैसूरच्या लुटीत मिळालेले बल्लारी-कडप्पाकडील जिल्हे कंपनीला कायमचे देऊन टाकले होते. त्याच तहात असे एक कलम होते की, युद्धप्रसंगी निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीस द्यावे. युद्ध संपले म्हणजे ही जबाबदारीही संपावयाची, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु १८११ पासून रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेल ह्याने दिवाण चंदूलाल ह्याच्या संमतीने निजामाच्या पैशाने, मात्र इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली, कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना रसेल ब्रिगेड असे नाव पडले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेशी लढाई झाली, तीत ही ब्रिगेड होती. पेंढारी मोडले, पेशवाई बुडाली, दक्षिणेत लढण्याजोगा शत्रू उरला नाही. आणि नेमकी तेव्हापासून युद्धकाळापुरती म्हणून कल्पिलेली ही फौज कायमची होऊन बसली.

कायमच्या फौजेला काम लागते. ते तिला घरातच मिळाले. हदगावकडील मुलुखात नौसाजी नाईक नावाच्या हटकर सरदाराने निजामाविरुद्ध बंड उभारले होते. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन ह्याने निजामाच्या ह्या नव्या पलटणी घेऊन नाईकाच्या नोव्हा येथील किल्ल्याला वेढा घातला आणि महिनाअखेरीस तो हल्ला करून घेतला. आत बहुतेक अरब शिबंदी होती. ती जवळजवळ सगळी कापली गेली. ह्या लढाईचे नाव पुढे पलटणींच्या निशाणावर मानाने मिरविले गेले. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम, लिंगसुगूर अशी ठाणी बसली आणि मराठवाड्याच्या मधोमध हिंगोलीची छावणी मोठी म्हणून ओळखली जाऊ लागली.

छावणी बसली म्हणजे तिच्याभोवती किती पोटे लागतात, ह्याची कल्पना पगारपत्रकावरून येत नाही. रिसाल्याची व्यवस्था शिलेदारीची होती. मराठेशाहीचा इतिहास वाचलेल्यांना शिलेदार आणि बारगीर हा भेद माहीतच आहे. शिलेदार घोडा, खोगीर, कपडालत्ता स्वतःचा आणी आणि ठरलेल्या मासिक रकमेत स्वार नि घोडा दोघांचे पोट भरी. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करी. अशा नोकरीच्या जागेला असामी म्हणत आणि तिला किंमत असे; ती विकत घेता येई, गहाण पडे. घोडा मेला तर शिलेदार सावकाराच्या दारात उभा राही. हरभरा, कडबा, गवत, नाल, चामड्याचे सामान, कापड, तूप हे सारे सरकारी कोठारातून येत नसून बाजारातून येई. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत पिकणारी ज्वारी आणि हरभरा ह्यांना एवढे मोठे आणि रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईक दुसरे कोणते होते? जवळा बाजारासारख्या गावांच्या तर नावातच बाजार आहे. शेतकरी सारा भरी, त्या साऱ्यातून फौजेचा पगार निघे, आणि त्या पगारातील काही भाग कडब्याच्या पेंढीच्या रूपाने त्याच शेतकऱ्याकडे परत येई. ह्या फेऱ्यात त्याचा तोटा किती आणि नफा किती, हे त्याला कोणी कधी विचारले नाही.

हिंगोलीच्या छावणीबाजाराची एक गोष्ट मेडोज टेलर ह्याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ठगावरील पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. हरिसिंग नावाचा कापडाचा एक प्रतिष्ठित व्यापारी तेथे राहत होता. मुंबईहून माल आणण्यासाठी त्याने छावणीच्या अधिकाऱ्यांकडून रीतसर परवाना काढला. तो माल दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा होता आणि तो वाटेवर आहे हे हरिसिंगास ठाऊक होते. त्या व्यापाऱ्याचा आणि त्याच्या माणसांचा वाटेत गळा आवळून त्याने तो माल आणला आणि परवान्याच्या आधारे छावणीत राजरोस विकला. हा हरिसिंग ठगांचा म्होरक्या होता. साहेबांनी अंगावर चढविलेल्या कापडाचा इतिहास त्यांना पुढे कळला.

फौज कायमची झाली खरी, परंतु तिच्या पगाराची तरतूद मात्र कायमची नव्हती. वर्षाला सुमारे चाळीस लाख रुपये लागत. चंदूलालच्या कारभारात जिल्ह्यांचा वसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार रयत पिळी आणि खजिना तरी रिकामाच राही. तेव्हा पगारासाठी कर्ज, आणि त्या कर्जाच्या व्याजासाठी आणखी कर्ज, असा क्रम सुरू झाला. हैदराबादेतील विल्यम पामर आणि कंपनी ह्या पेढीने औरंगाबादकडील फौजेचा पगार पुरविण्याचा ठेकाच घेतला होता. ह्या पेढीतला एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज ह्याच्या मानलेल्या कन्येचा नवरा, एवढे सांगितले म्हणजे तिला परवानगी कशी मिळाली असावी ह्याचा खुलासा होतो. मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हे प्रकरण उघडकीस आणले. पेढीचे देणे फेडण्यासाठी १८२३ साली निजामाने उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून मिळणाऱ्या सालीना सात लाखांच्या पेशकशीवर कायमचे पाणी सोडले आणि तिच्या मोबदल्यात सुमारे एक कोटी सोळा लाख रुपये घेतले. पामर गेला, पुढे पेस्तनजी मेहेरजी ही पारशी पेढी वऱ्हाडातील महसुलाच्या तारणावर पैसे देऊ लागली. तीही बुडाली. त्यानंतर पगार चुकला की कंपनी सरकार आपल्या खजिन्यातून रक्कम देई आणि ती निजामाच्या नावे सव्याज मांडी.

आता खर्च झेपत नसेल तर तो कमी करावा, हे कोणालाही सुचेल. तसे कोणी सुचविलेच नाही असे नाही. ह्या फौजेवर ब्रिगेडियरच पाच होते आणि प्रत्येकाच्या दिमतीस आपापला इतमाम होता. एवढ्या सैन्याला इतका वरिष्ठ अंमलदारवर्ग अवाजवी आहे, हे खुद्द डलहौसीनेही मान्य केले होते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, १८०० च्या तहाप्रमाणे शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन निजामावर नाही, हेही त्याने आपल्या टिपणात कबूल केले आहे. कबुली टिपणात राहिली. मागणी मात्र मुलुखाची झाली.

१८५३ च्या वसंतात नवा रेसिडेंट कर्नल लो हा तहाचा मसुदा घेऊन नासिरुद्दौला निजामाच्या भेटीस गेला. कर्ज पंचेचाळीस लाखांच्या घरात होते. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब कंपनीच्या ताब्यात द्यावा, अथवा फौज नको असेल तर ती हळूहळू मोडावी, असे दोन मार्ग निजामापुढे होते. ह्या प्रसंगी निजामाने जे उत्तर दिले ते लो ह्याने आपल्या खलित्यात नोंदवून ठेविले आहे. त्याचा भावार्थ असा की, राजाच्या हातून घडणाऱ्या दोन गोष्टी नेहमीच लाजिरवाण्या समजल्या जातात: वाडवडिलांचा मुलूख विनाकारण देऊन टाकणे ही एक, आणि ज्या शिपायांनी शौर्याने व इमानाने चाकरी केली त्यांना काढून टाकणे ही दुसरी.

हे उत्तर ऐकून मन हेलावते. तथापि हाच राजा आपल्या खाजगी फौजेतील अरब, रोहिले आणि देशी शिबंदी ह्यांचे पगार महिनोन्महिने थकवीत होता, हेही विसरता येत नाही. शिपायाला काढून टाकणे लाजिरवाणे खरेच. पण त्याला नोकरीत ठेवून पगार न देणे ह्यास काय म्हणावे? ज्या जमादाराचा पगार थकला, तो तालुका गहाण घेई आणि आपला पगार रयतेच्या घरातून वसूल करी. मराठवाड्यात रोहिला ह्या शब्दाची दहशत बसली ती अशा काळात.

निजामाने पगार वेळेवर देण्याची हमी देऊ केली, मुदत मागितली. परंतु मुलूख तोडून देण्याचे नाव काढीना. तेव्हा रेसिडेन्सीतील एका अधिकाऱ्याने दिवाण शिराजुल्मुल्क ह्यास पत्राने कळविले की, पुण्यातील गोऱ्या पलटणींना हैदराबादेकडे निघण्यास सज्ज राहण्याचा हुकूम झाल्याचे ऐकिवात आहे. २१ मे १८५३ रोजी तह झाला. दिवाण त्यानंतर आठवडाभरातच वारला आणि त्याच्या जागी त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग आला.

तहाने फौजेची संख्या पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने ह्यांहून कमी असू नये असे ठरले. पूर्वीच्या पाच रिसाल्यांपैकी चार उरले. पायदळाच्या आठ पलटणींपैकी सहा. ती आता निजामाची फौज राहिली नाही. कंपनीची मदतनीस फौज झाली. ह्या कपातीचा हिशेब मांडला तर तो विचित्र दिसतो. नोकरी शिपायाची गेली आणि मुलूख निजामाचा गेला. पाचवा रिसाला आणि दोन पलटणी मोडल्या, तेव्हा राज्यातला खर्च तेवढा हलका झाला असेल. पण जो खर्च उरला त्यासाठी सबंध वऱ्हाड लावून दिले गेले. चार वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. औरंगाबादेस पहिल्या रिसाल्यातील स्वारांनी उत्तर हिंदुस्थानाकडे जाऊन आपल्याच लोकांवर शस्त्र धरावयाचे नाकारले. त्याचे प्रायश्चित्त कित्येकांना प्राणांनी भरावे लागले. बाकीची कंटिंजंट सर ह्यू रोजच्या हाताखाली झाशी-काल्पीपर्यंत लढली. त्या चाकरीचे बक्षीस १८६० च्या तहात निजामाला मिळाले: कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत आले. वऱ्हाड परत आले नाही.

सालारजंगाने आपल्या घरची कपातही केली आणि ती अधिक कठीण होती. अरब जमादारांकडे गहाण पडलेले तालुके त्याने एकेक करून सोडविले, त्यांच्या दाव्यांचा निवाडा करण्याची व्यवस्था लावली, मक्त्याची पद्धत मोडून पगारी अधिकारी नेमले. आधी देणे फेडावयाचे आणि मग रजा द्यावयाची, हा क्रम त्याने धरला म्हणूनच अरबांसारख्या लोकांशी त्याचे निभावले. वऱ्हाडासाठी तो जन्मभर भांडला. १८७२ च्या सुमारास त्याने असे सुचविले की, ज्याच्या व्याजातून कंटिंजंटचा पगार भागेल एवढे भांडवल निजाम सरकार रोख ठेवील. मग पगाराच्या हमीसाठी प्रांत अडकवून ठेवण्याचे कारण काय? प्रश्न बिनतोड होता आणि म्हणूनच त्याचे उत्तर नकारार्थी आले. अमेरिकेतील यादवी युद्धापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. फौजेसाठी म्हणून घेतलेला प्रांत आता फौजेच्या खर्चाच्या कितीतरी पट उत्पन्न देत होता.

पन्नास वर्षांनी ह्या गणिताची दुसरी बाजू उघड झाली. १९०२ च्या मार्चअखेरीस लॉर्ड कर्झन हैदराबादेस आला आणि महबूब अली खान निजामाशी त्याची एकांतात भेट झाली. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेले. त्या पंचवीस लाखांतूनही दुष्काळाच्या वेळी काढलेल्या कर्जाचे हप्ते वळते होऊ लागले. आणि ज्या फौजेच्या पगारासाठी म्हणून वऱ्हाड घेतले होते, ती फौज स्वतंत्र खाते म्हणून ठेवण्याची गरज नाही असे ठरले! हैदराबादेस आता धोका कोणापासून आहे, निराळे सेनापती आणि निराळे दफ्तर कशाला, असा युक्तिवाद झाला. तो युक्तिवाद १८१९ सालीही तितकाच खरा होता. चाळीस लाखांची विवंचना निजामाची होती तोवर तो कोणाला पटला नाही. पैसा इंग्रजांच्या तिजोरीतून जाऊ लागताच पटला.

१९०३ साली कंटिंजंट मोडली. चार रिसाल्यांपैकी तिसरा बरखास्त करून त्याचे स्वार इतर तिघांत वाटले गेले. तोफखाने मोडले. पायदळाच्या सहाही पलटणी हिंदी लष्कराच्या यादीत ९४ ते ९९ ह्या क्रमांकांनी चढल्या. त्यांची नावे रसेल, वऱ्हाड, दख्खन अशी राहिली, परंतु ठाणी मात्र कोठेही असू शकतील असे ठरले. हिंगोलीची छावणी उठली. मोमिनाबादची उठली. वऱ्हाड त्याच वर्षी मध्यप्रांताला जोडले गेले.

नोकरी कोणाची गेली, असा प्रश्न येथे सहज निघतो. पायदळात भरणा मुख्यत्वे उत्तर हिंदुस्थानातील रजपूत, जाट, अहीर ह्यांचा असे. रिसाल्यात दख्खनी मुसलमान पुष्कळ असत. त्यांच्यापैकी बहुतेक जण आपल्या पलटणीबरोबर दुसऱ्या ठाण्याला गेले. म्हाताऱ्यांना पेन्शन मिळाले आणि पेन्शनपुऱ्यासारखी नावे राहिली. परंतु ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपत्रकात नव्हते, त्यांना बदली नव्हती आणि पेन्शनही नव्हते. नालबंद, मोची, शिंपी, धोबी, भिस्ती, गवत कापून आणणाऱ्या बाया, हरभऱ्याचे दलाल ह्यांची नोकरी कोणी काढून घेतली नाही, कारण ती कोणी दिलीच नव्हती. गिऱ्हाईक उठून गेले एवढेच घडले. सरकारी कपातीच्या आकड्यांत हा वर्ग तेव्हाही मोजला गेला नाही.

हिंगोलीला कापसाने सावरले. आसपासचा कापूस येथे येत असे. १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत लहान मापाची आगगाडी आली आणि सरकी काढण्याच्या कारखान्यांचे भोंगे बिगुलाच्या जागी वाजू लागले. मोमिनाबादला तेव्हा आगगाडी मिळाली नाही. त्या गावाला पुन्हा उभे राहण्यास अधिक काळ लागला.

पलटणींचे पुढे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी तुटीत गेली आणि लॉर्ड इंचकेप ह्याच्या अध्यक्षतेखाली काटकसर समिती बसली. तिने १९२३ मध्ये लष्करी खर्च पावणेअठ्ठावन्न कोटींवर आणण्याची शिफारस केली. जुन्या कंटिंजंटच्या पलटणी त्याआधी १९२२ मध्येच १९ वी हैदराबाद रेजिमेंट ह्या नावाखाली एकत्र केल्या होत्या. तिची पाचवी पलटण १९२४ मध्ये मोडली, तिसरी १९३१ मध्ये. भरती आता कुमाऊंच्या डोंगरातून आणि अहीर-जाटांच्या मुलुखातून होत होती. नाव मात्र हैदराबादचे होते. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तेही गेले आणि कुमाऊं रेजिमेंट हे नाव आले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरचा विमानतळ वाचविताना बडगाम येथे मेजर सोमनाथ शर्मा धारातीर्थी पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले परमवीरचक्रधारी. त्यांची चौथी कुमाऊं पलटण म्हणजे एलिचपूरच्या नबाब सलाबतखानाने १७८८ मध्ये उभारलेली आणि पुढे हैदराबाद कंटिंजंटमध्ये गणली गेलेली जुनी पलटण होय.

रेजिमेंटचे केंद्र १९४८ साली आग्ऱ्याहून हिमालयात राणीखेतला गेले. हिंगोली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निजामाच्या राज्यातून मुक्त झाली, १९६० मध्ये महाराष्ट्रात आली आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळी होऊन स्वतःच्याच नावाच्या जिल्ह्याचे ठिकाण बनली. रिसाला बाजारातील दुकानांच्या पाट्यांवर तेच नाव अजून रंगविले जाते आणि जवळा बाजारचा शेतकरी आपला माल घेऊन त्याच रस्त्याने येतो.